आधी रिकामे तोला

मित्रांनो, मी काटा आहे. घड्याळातला नव्हे, पायात रुततो तो नव्हे, माशाच्या पोटातला तर नव्हेच. शहराच्या कडेला असलेल्या एका स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सामान तोलणारा, ओतीव लोखंडाचा जुना वजनकाटा. खाली चौकोनी तक्ता, मागे माणसाच्या छातीएवढा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर मागेपुढे सरकणारे पितळी वजन. तक्त्यावर माल ठेवायचा, पितळ सरकवत न्यायचे आणि दांडी अधांतरी थरथरू लागली की आकडा वाचायचा. एवढेच माझे शरीर आणि एवढीच माझी विद्या.

काल कुणीतरी माझ्या तक्त्यावर खडूने फुली मारून गेले. फुली म्हणजे भंगार. ट्रक यायच्या आत माझा लेखाजोखा तुमच्यापुढे मांडतो. तो फार मोठा नाही. त्यात एक वजाबाकी चुकलेली आहे, आणि ती काही केल्या दुरुस्त होत नाही.

साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता ओबडधोबड ठोकळा होतो. मला काटा केले ते एका कानसवाल्या म्हाताऱ्याने. तो माझी दांडी दोन बोटांत धरायचा, कानशीचा एक हात मारायचा, फुंकर घालायचा आणि पुन्हा तोलून बघायचा. मला गाडीत चढवले तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगा खरा निघालाय. पण काटा तो काटाच. विचारलेलं सांगेल. न विचारलेलं सांगायला त्याला तोंड नाही." तेव्हा मला वाटले, म्हातारा उगीच शहाणपणा करतो आहे.

आमच्याकडे स्टेशन आधी आले आणि वस्ती नंतर. मी आलो तेव्हा एक फलाट, एक पत्र्याची शेड, एक तिकिटाची खिडकी आणि तिच्यामागे पेंगणारे स्टेशनमास्तर, एवढाच संसार होता. भोवती भाजीचे मळे आणि गोठे. सकाळच्या गाड्या शहराकडे जात, संध्याकाळच्या परत येत. सकाळी भाजी, दूध, फुले, अंडी आणि इस्त्री केलेली माणसे जात. संध्याकाळी रिकाम्या टोपल्या, रिकामे कॅन आणि चुरगळलेली माणसे परत येत. शहर त्यांचे काय करत असे कोण जाणे, पण भरलेले काही परत पाठवण्याची त्याला सवय नव्हती.

जे जाई ते आधी माझ्या अंगावरून जाई. आणि माल नसेल तेव्हा माणसे स्वतःच चढत. माणूस ओळखायचा तर त्याला तक्त्यावर उभा करावा. जड माणसे श्वास आत ओढून घेतात, जणू पोट आत गेले की वजनही जाते. बारीक पोरे खिशात दगड भरून येतात. मास्तर महिन्यातून एकदा वजन करत, पण नेहमी जेवणाच्या आधी, जेवणानंतर कधीच नाही. आकडा मनासारखा आला तर म्हणत, "काटा उत्तम आहे." नाही आला तर म्हणत, "काट्याला तेल घाला रे."

पार्सल ऑफिसचा कारभार गुंजरावांकडे होता. हे त्यांचे खरे नाव नव्हे. गुंजभर फरकही ते सोडत नसत म्हणून हमालांनी ठेवलेले. कोबीच्या पोत्याला चिकटलेली माती झाडून मग ते पोते तोलत. त्यांच्या हाताखालचा हमाल काडीसारखा बारीक होता, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. गुंजराव बोलत कमी, पैलवान त्यांच्या वाटचेही बोलून घेई.

आता तुम्हाला एक शब्द सांगतो. तो नीट लक्षात ठेवा. बारदान. माल ज्यात भरतात ते पोते, ती टोपली, तो कॅन म्हणजे बारदान. दूध तोलायचे तर कॅनसकट तोलायचे आणि मग कॅनचे वजन वजा करायचे. उरते ते दूध. पण गाडी आमच्याकडे घोटभर पाणी पिऊन होईपर्यंतच थांबायची. तेवढ्यात कुठे प्रत्येक कॅन रिकामा करून तोलणार? म्हणून रीत अशी होती की नवा कॅन आला की गुंजराव तो एकदाच रिकामा तोलत आणि त्याचे वजन पांढऱ्या रंगाने कॅनच्या पाठीवर लिहून टाकत. पुढे रोज भरलेला कॅन तोलायचा, पाठीवरचा आकडा वजा करायचा, पावती फाडायची. बारदानाकडे पुन्हा कुणी बघत नसे. बारदानाचे कौतुक करायला कुणाला वेळ आहे? ते वजा होण्यासाठीच असते.

फलाटाच्या टोकाला सांधेवाला राहायचा. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते त्याच्या हातातल्या लोखंडी दांड्यावर ठरे. दोन गाड्यांच्या मध्ये तो मोकळा, पण लांब कुठे जायची सोय नाही. घर म्हणजे पार्सल ऑफिसच्या मागची एक खोली आणि पडवी. त्याच्या बायकोला गुंजराव आणि पैलवान दोघेही वहिनी म्हणत. धिप्पाड नव्हे, पण चांगली भरलेली, खळखळून हसणारी बाई. विहिरीवरून पाण्याच्या दोन बादल्या घेऊन येताना वाटेत गप्पाही मारायची आणि बादलीतले पाणी सांडायचे नाही. मी मनात म्हणायचो, समतोल शिकावा तर हिच्याकडून.

लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर तिला मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधीच. मूठभर जीव. रडली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायची नाही. मास्तरांच्या बायकोला जगातल्या सगळ्या बाळांबद्दल मते असत. ती म्हणाली, "दर आठवड्याला वजन करत जा गं. आकडा वर सरकला म्हणजे पोर जगली समज."

"इथे दवाखान्याचा काटा कुठून आणू?"

"मग तो पार्सलचा काय लोणचं घालायला ठेवलाय?"

अशी वहिनी एका दुपारी माझ्याकडे आली. गुंजरावांनी तक्ता धुतला, पुसला, वर घडी केलेले कापड घातले आणि पोरीला ठेवले. माझी दांडी जागची हललीच नाही. मी पोत्यांचा काटा. एवढ्याशा जिवाची मला खबरच लागेना.

गुंजरावांनी हनुवटी खाजवली. "बारदानासकट तोलू," ते म्हणाले.

"बारदान कुठलं, भाऊजी?"

"तुम्ही."

पैलवान खो खो हसला. "घ्या वहिनी. आजपासून तुम्ही बारदान."

तीही हसली. पोरीला उचलून छातीशी धरत म्हणाली, "आई झालं की आपण बारदानच, भाऊजी. माल काय तो हा."

मग ती पोरीला घेऊन चढली. गुंजरावांनी आकडा घेतला. मग पोर पैलवानाच्या हातात दिली आणि ती एकटी चढली. दुसरा आकडा घेतला. पहिल्यातून दुसरा वजा केला. उरले ते फारच थोडे होते. पण पुढच्या आठवड्यात थोडे जास्त उरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. दांडीवरच्या दोन खुणांमधली जागा गुंजराव डोळ्यांनी वाटून घेत आणि एवढे एवढेसे वाढलेले वजन मोठ्याने सांगत. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. सांधेवाला दारात उभा असे. आकडा ऐकला की त्याच्याच अंगावर मूठभर मांस चढे.

एक अडचण होती. पैलवानाच्या हातात गेली की पोर टाहो फोडायची. आता आवाज चांगलाच फुटला होता.

"तुझं तोंड बघून रडते," गुंजराव म्हणाले.

"माझं तोंड बघून म्हशीसुद्धा रडत नाहीत बाबू. हाडं टोचत असतील."

वहिनी म्हणाली, "आणि मलाही चढउतार करून धाप लागते हो. एकदाच नाही का होणार?"

गुंजरावांनी दारातून बघितले. बाहेर दुधाचे रिकामे कॅन ओळीने उभे होते, प्रत्येकाच्या पाठीवर पांढरा आकडा. ते म्हणाले, "होईल की. तुमचं वजन काय रोज बदलतंय? लिहून ठेवू." आणि कॅनवर लिहायचा तोच डबा, तोच कुंचला घेऊन त्यांनी माझ्या खांबावर तिचा आकडा लिहिला. बावन्न.

"कॅनवर लिहितात तसं?" तिने विचारले.

"पक्का रंग आहे. जात नाही," गुंजराव अभिमानाने म्हणाले.

"धाप लागते" हे शब्द तिघांनीही ऐकले होते. चौथा मी. पण त्या दिवशी सगळ्यांना त्या शब्दांतून फक्त चढउतार ऐकू आला.

तिथून पुढे वहिनी पोरीला घेऊन एकदाच चढे. गुंजराव आलेल्या आकड्यातून बावन्न वजा करत आणि उरलेले सांगत. काही आठवडे आकडा वाढला, पण आधीपेक्षा कमी. मग तो थांबला. या आठवड्याला तेवढाच, पुढच्या आठवड्याला तेवढाच.

सांधेवाल्याचा चेहरा उतरला. मास्तरांच्या बायकोने मते बदलली. दूध पातळ असेल, वरचे सुरू कर. वरचे सुरू केले. आकडा तेवढाच. दूध वाढव. वाढवले. घरात जे पौष्टिक म्हणून येई ते वाटीवाटीने पोरीकडे वळू लागले, आणि पोर ते गटागटा पीत होती.

एकदा वहिनी काहीशा संकोचाने म्हणाली, "भाऊजी, अंगडं तंग झालंय हो तिला. दंडात शिरत नाही."

"धुऊन आटलं असेल," गुंजराव म्हणाले. "काट्यासमोर अंगड्याचं काय ऐकायचं?"

मित्रांनो, मी त्या क्षणी ओरडलो असतो. पण म्हातारा कानसवाला खरे बोलून गेला होता. मी खोटे काहीच सांगत नव्हतो. मला विचारत होते, दोघींचे मिळून किती? मी दोघींचे मिळून बरोबर सांगत होतो. पोर वाढत होती, आणि जेवढी पोर वाढत होती तेवढी आई झडत होती. बेरीज जागची हलत नव्हती. खांबावरचा बावन्न मात्र मी सांगितलेला नव्हता. तो एका जुन्या दुपारी खरा होता, आणि पक्क्या रंगात लिहिला म्हणून तो रोज खरा ठरत होता.

खुणा काही कमी नव्हत्या. तिच्या बोटातली अंगठी सैल झाली, तर तिने तिला आतून दोरा गुंडाळला. दोन बादल्यांची एक झाली, तीही अर्धी. संध्याकाळी तिचे डोळे तापाने चमकत, आणि पैलवान म्हणे, "वहिनी आज तजेलदार दिसताय." खोकला आला की ती फोडणीच्या ठसक्याचे निमित्त सांगे, चूल थंड असली तरी.

एके दिवशी सांधेवाल्याने तिला माझ्यासमोरच विचारले. गाडी नुकतीच गेली होती, त्याच्या हाताला दांड्याचे काळे तेल लागलेले होते.

"तू एकदा शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवून ये. मास्तर पास देतील."

"जाईन की."

"कधी?"

"हिचा आकडा हलू दे. या अंगाची पोर गाडीच्या वाऱ्यात कशी नेऊ? आणि ठेवू कुणाजवळ?"

"आणि नाही हलला तर?"

"हलेल. एकदा आकडा हलला ना, की दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाते. शब्द देते."

बघा, काय सौदा झाला. ज्या आकड्यासाठी ती थांबली होती तो तिच्या झिजण्यामुळेच हलत नव्हता. ती जितकी थांबेल तितकी झिजेल, आणि जितकी झिजेल तितकी थांबेल. एवढी चोख फसवणूक कुणी ठरवूनसुद्धा करू शकला नसता. इथे तर सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसे होती.

हा फास सोडवला तो एका भांडणाने. आमच्या गवळ्याच्या तोंडाचा पट्टा शब्दाशब्दाला सुटायचा. एका सकाळी तो कॅन आपटतच आत आला.

"बाबू, तुमचा काटा माझं दूध पितो."

"सावकाश. काय झालं?"

"महिनाभर बघतोय. म्हैस तीच, आचळं तीच, मापून भरलेलं दूध तेच. पावतीवर रोज कमी. शहरातला डेअरीवाला म्हणतो, गाडीत पितोस का रे?"

"काट्यावर दरवर्षी शिक्का पडतो," गुंजराव ताठ होऊन म्हणाले. "काटा बरोबर आहे."

"मग मी चूक? घ्या, ओततो सगळं दुसऱ्या भांड्यात. तोला रिकामा."

पैलवान मधे पडला. "अहो, गाडी येतेय."

"येऊ दे. आज दूध नाही गेलं तरी चालेल. माझी अब्रू जाऊ द्यायची नाही."

दूध ओतले. रिकामा कॅन तक्त्यावर आला. गुंजरावांनी पितळी वजन कॅनच्या पाठीवरच्या आकड्यावर नेऊन ठेवले. दांडी धपकन खाली बसली. कॅन त्या आकड्याएवढा जड नव्हताच.

गुंजरावांनी कॅन फिरवून पाहिला. "झाकण बदललंय तू."

"जुनं हरवलं. पत्र्याचं बसवलं. त्यात काय झालं?"

"बारदान हलकं झालं," गुंजराव पुटपुटले. "बारदान हलकं झालं आणि मी जुनंच वजा करत राहिलो. म्हणून माल कमी दिसला."

"हेच तर म्हणतोय मी," गवळी म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. गुंजरावांचे डोळे माझ्या खांबावर गेले होते. पांढऱ्या बावन्नावर. त्यांचा हात कॅनवर तसाच राहिला. गाडी आली, भाजीवाल्या ओरडल्या, गार्डाने शिट्टी दिली, गाडी गेली. त्या सकाळी आमच्या स्टेशनवरून काहीच चढले नाही.

"पैलवान, वहिनींना बोलाव."

"आज कुठे वजनाचा वार आहे?"

"बोलाव."

ती आली, हात पुसत, पोरीला खांद्यावर घेऊन. "काय हो भाऊजी, आज मधेच?"

"बाळाला पैलवानाकडे द्या. तुम्ही एकट्या चढा."

"रडेल ती."

"रडू दे."

ती चढली. तिचे पाय मी ओळखायचो. तरी ती चढली हे मला कळायला वेळ लागला. गुंजरावांनी पितळ बावन्नावर ठेवले. दांडी पडली. त्यांनी ते थोडे मागे घेतले. दांडी पडलेलीच. आणखी मागे. पैलवान सवयीने काहीतरी बोलायला गेला, "काटा अडकला वाटतं," आणि मधेच थांबला, कारण त्याच्या हातातली पोर त्याला जड लागत होती आणि ते त्याला आत्ता कळले होते. गुंजराव पितळ मागे मागे नेत राहिले. शेवटी दांडी थरथरत वर आली. कुठे आली ते मी तुम्हाला सांगणार नाही.

वहिनी म्हणाली, "काय झालं? सांगा की. कमी झालं का तिचं?"

"नाही, वहिनी." गुंजरावांचा आवाज त्यांचा वाटला नाही. "वाढलंय. पुष्कळ वाढलंय. केव्हापासूनच वाढतंय."

ती तक्त्यावरच उभी होती. तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग पोरीकडे, आणि जी हसली, ती जुन्यासारखी खळखळून. "मी म्हणत नव्हते, अंगडं तंग होतंय म्हणून? अहो, ऐकलंत का?" दारात सांधेवाला येऊन उभा राहिला होता. "वाढलंय म्हणे हिचं. आकडा हलला. बघा, दिलेला शब्द पाळते. उद्याच्या गाडीने जाते."

वजाबाकीची दुसरी बाजू तिच्या ध्यानातच आली नाही. सांधेवाल्याच्या आली. त्याने दांडीकडे पाहिले, खांबाकडे पाहिले, आणि म्हणाला, "उद्या नाही. आत्ताच्या."

दुपारच्या गाडीने ते तिघे गेले. सांध्याचा दांडा ओढायला मास्तर स्वतः गेले, कोट काढून. दारातून मला दिसत होते. त्यांना तो एका दमात ओढता आला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांधेवाल्याला विचारले होते, आधी वजन किती होते यांचे? तो तत्काळ म्हणाला, बावन्न. डॉक्टर म्हणाले, नक्की? एवढे ठाम कुणी सांगत नाही. हे त्याने परत आल्यावर गुंजरावांना सांगितले. सांगताना तो माझ्या खांबाला टेकून उभा होता. पोर त्याच्या कडेवर होती, गुबगुबीत. संध्याकाळची ती गाडी नेहमीसारखी रिकाम्या टोपल्या आणि चुरगळलेली माणसे घेऊन आली होती. वहिनी तिच्यात नव्हती.

गुंजरावांनी त्या आठवड्यात चाकूने खांबावरचा आकडा खरवडायचा प्रयत्न केला. रंग पक्का होता. त्यांनीच सांगितले होते. मग त्यांनी चाकू ठेवला आणि भिंतीवर त्याच रंगाने मोठ्या अक्षरात लिहिले, "आधी रिकामे तोला." त्या दिवसापासून ते प्रत्येक टोपली, प्रत्येक कॅन, प्रत्येक पोते रोज रिकामे तोलू लागले. रांग फलाटभर लांबे. गवळी म्हणे, "बाबू, मी भांडलो ते माझ्या कॅनपुरतं." गाड्यांना उशीर झाला, वरून विचारणा आली, गुंजरावांनी उत्तरे दिली आणि तोलत राहिले. लोक म्हणत, म्हातारा सणकी झाला. हसणारे हसले. पैलवान मात्र या बाबतीत एकदाही हसला नाही. एवढा बोलका माणूस, पण "बारदान" हा शब्द त्याने पुन्हा तोंडातून काढला नाही. म्हणायचा, "ते रिकामं आणा हो आधी."

पुढे गुंजराव निवृत्त होऊन गेले. पैलवान एका थंडीत गेला. मळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या, गोठे उठले, दूध मोटारीने जाऊ लागले. दुसरा फलाट झाला, वर तारा आल्या, पूल आला. सांधे बटणावर बदलू लागले. गाडीत आता नुसती माणसेच चढत, आणि माणसांना कुणी तोलत नसे. पार्सल ऑफिसात तिकिटाची यंत्रे बसली. भिंतीला चुना लावला तेव्हा "आधी रिकामे तोला" झाकले गेले. मला कोपऱ्यात ढकलले. माझ्या तक्त्यावर लोक पिशव्या ठेवत, पोरे चिकट कागद फेकत. दांडी गंजून जागच्या जागी बसली. एकेकाळी मास्तर ज्याच्यासाठी जेवण लांबवत, त्या काट्याला आता झाडूवालासुद्धा वळसा घालून जाई.

आता गेल्या आठवड्यातले सांगतो, मग माझे संपले.

एक बाई आली. कडेवर तान्हे बाळ, बरोबर काठी टेकणारे वडील. तिने बॅग माझ्यावर ठेवली आणि यंत्रातून स्वतःपुरते तिकीट काढले. वडील फक्त पोहोचवायला आले होते, अंगात घरातलीच बंडी होती. तो सांधेवाला होता. मी त्याला चालीवरून ओळखले.

ती बॅग उचलायला वाकली आणि खांबाकडे बघून म्हणाली, "बाबा, हे काय लिहिलंय? बावन्न."

त्याने खांबाला हात लावला. मग म्हणाला, "तुझी आई."

तिला सगळी हकीकत माहीत असावी, कारण तिने पुढे काही विचारले नाही. आकड्यावरून बोट फिरवले. मग बाळ त्याच्याकडे दिले, बॅग खाली ठेवली आणि चपला काढून माझ्यावर उभी राहिली. मी जीव काढून दांडी हलवायचा प्रयत्न केला. गंज हलू देईना.

"बंद आहे वाटतं," ती म्हणाली. "काही दाखवत नाही."

पण तिचा बाप दांडीकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. गळ्याकडे, मनगटाकडे, घड्याळाचा पट्टा आतल्या भोकात गेला होता तिकडे.

"उतरलीयस तू," तो म्हणाला.

"बाळंतपणानंतर होतंच असं, बाबा. जरा दगदग आहे. हा रात्री झोपू देत नाही. याचं एकदा रुळावर आलं की बघते माझं."

"ती असंच म्हणायची."

"अहो बाबा, काही नाही झालेलं मला."

"नसेल. नसू दे." गाडीचा आवाज येत होता. त्याने बाळाला एका हातावर सावरले आणि काठी बगलेत मारली. "चल. मी येतो बरोबर. आधी डॉक्टर, मग तुझं घर."

"आत्ता? घराला कुलूप घातलं नाहीत. तिकीट नाही तुमचं."

"पकडू दे तपासनिसाला. आयुष्यभर यांच्या गाड्या रुळावर लावून दिल्यात, एकदा मला पकडतील."

आणि ते तिघे त्या गाडीत चढले. पुढे काय निघाले मला माहीत नाही. काही नाहीच निघाले असेल, अशी आशा करतो. एवढेच सांगतो की माझ्या खांबासमोर पहिल्यांदाच कुणी काट्याकडे न बघता माणसाकडे बघून वजन सांगितले, आणि ते वेळेवर सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी ना कुणी कुणाला तरी उचलून धरलेले असते. कडेवरच्या बाळाचे कौतुक जरूर करा. पण मग मान थोडी वर करा आणि ज्याने धरले आहे त्याच्याकडेही बघा. कालचा आकडा आज पुन्हा विचारा. तो कितीही पक्क्या रंगात लिहिलेला असला तरी विचारा. "मला काय झालंय" म्हणणाऱ्याला तर आधी विचारा. काट्यावर विसंबू नका. आमच्यापाशी विचारलेल्याचेच उत्तर असते.

बाहेर ट्रक लागला आहे. भंगार वजनावर जाते, तेव्हा आज मलाही कुणीतरी तोलेल. लोखंड किती, पितळ किती, गंज किती वजा. खांबावर थोडा पांढरा रंग आहे. त्याचे वजन काही येणार नाही. तरी तेवढा कुणी वजा करू नये.